चाकाचा आऊट आणि स्पोकचा ताण

सायकलच्या दुकानात चाक फिरवत, रिमला खडू टेकवत दहा-पंधरा मिनिटांत आऊट काढून देणारा कारागीर नेमकं काय करतो? बहुतेकांचं उत्तर असतं, वाकडी रिम सरळ करतो. हे अर्धंच खरं आहे. रिमला तो हातही लावत नाही. त्याची चावी फिरते ती निपलवर, म्हणजे स्पोकचं टोक रिमपाशी धरणाऱ्या छोट्या नटवर, आणि बदलतो तो स्पोकचा ताण. रिम सरळ दिसू लागते ती त्यामुळे. घरी चावी घेऊन बसणाऱ्याचं काम आठवड्याभरात बिघडतं ते हे लक्षात न घेतल्यामुळेच. नजर सगळा वेळ रिमच्या काठावर असते, स्पोक किती ताणलेले आहेत ते कुणी बघतच नाही. ताण पुरेसा आणि सारखा असेल तर चाक सरळ होतं आणि सरळ राहतं. ताणाकडे न बघता सरळ केलेलं चाक पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंत टिकतं.

बैलगाडीच्या चाकातला आरा हा एक खांब असतो. गाडीचं वजन तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येतं, आरा ते दाब सोसून धावेपर्यंत पोचवतो. सायकलचा स्पोक म्हणजे जेमतेम २ मिमी जाडीची आणि २८-२९ सेंमी लांबीची तार. तिच्यावर उभा दाब दिला तर ती तत्क्षणी वाकेल. शिवाय रिमच्या भोकात निपल नुसतं टेकलेलं असतं, त्यामुळे तार रिमला ढकलू शकतच नाही, फक्त ओढू शकते. मग वजन पेलतं कोण? उत्तर असं, की सगळे स्पोक आधीच ताणून ठेवलेले असतात आणि वजन आलं की जमिनीलगतच्या तीन-चार स्पोकांचा ताण कमी होतो. चाकावर ५० किलो आले तर त्या तीन-चार स्पोकांचा मिळून साधारण तेवढाच ताण उतरतो. बाकीच्यांचा जवळपास होता तेवढाच राहतो. साठवलेला ताण खर्च करून चाक वजन उचलतं. म्हणून साठा मुळातच कमी असेल तर खड्ड्यात खालचे स्पोक पूर्ण सैल पडतात, आणि तेवढ्या क्षणापुरता रिमचा तो भाग निराधार होतो.

ही कल्पना सायकलच्या आधीची आहे. विमानाची स्वप्नं बघणाऱ्या जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थाने १८०८ साली हलक्या चाकासाठी ताणलेल्या दोऱ्यांचा विचार लिहून ठेवला होता. सायकलला तारेचं चाक मिळालं ते यूजीन मेयरच्या १८६९च्या पॅरिसमधल्या पेटंटमुळे. १८७०मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी आपली 'एरियल' ही सायकल आणली. पुढे १८७४मध्ये स्टार्लीने स्पोक हबमधून सरळ बाहेर न काढता तिरके, एकमेकांना ओलांडत लावले, कारण सरळ स्पोकांना पेडलचा पीळ रिमपर्यंत नीट पोचवता येत नाही. आजच्या चाकाची मांडणी तीच आहे. या सगळ्याचं नीट गणित मात्र सामान्य वाचकाच्या हाती पडलं ते जोब्स्ट ब्रँट या अभियंत्याच्या 'द बायसिकल व्हील' या १९८१च्या पुस्तकातून. तोवर कारागिरांना जे बोटांनी कळत होतं ते त्याने आकड्यांत मांडलं.

ते आकडे घरी आऊट काढणाऱ्यालाही उपयोगाचे आहेत. अल्युमिनियमच्या चांगल्या रिमवर एका स्पोकचा ताण १०० किलोच्या आसपास असतो. ३२ स्पोक सगळ्या बाजूंनी असे आत ओढत असतील तर रिमच्या कड्यात सुमारे ५०० किलोचा दाब कायम मुक्कामाला असतो. सायकल भिंतीला टेकून उभी असली तरीही. आता निपलच्या आट्यांकडे बघू. २ मिमीच्या स्पोकवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा ०.४५ मिमी. आणि २८ सेंमी लांबीची ही पोलादी तार १०० किलोच्या ताणाखाली लांबते तीही बरोबर तेवढीच, ०.४५ मिमीच्या आसपास. रिम जागची हलली नाही असं धरलं तर सैल स्पोक आणि पूर्ण ताणलेला स्पोक यांत निपलचा फक्त एक फेरा असतो! पाव फेरा म्हणजे २५ किलो. प्रत्यक्षात रिम थोडी सरकते, शेजारचे स्पोक थोडे सैलावतात, त्यामुळे फरक याहून कमी पडतो. तरी चावीला पाव फेऱ्यापेक्षा जास्त हिसका का देऊ नये, ते यावरून समजावं. नवशिका एकदम एक फेरा देतो, रिम पलीकडे जाते, मग समोरच्या स्पोकला एक फेरा. अर्ध्या तासाने चाक आधीपेक्षा वाईट आणि निपलचे कोपरे गोल.

ताण मोजायचं यंत्र मिळतं, पण घरी कान पुरतो. तार छेडली की तिचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. एकाच बाजूच्या, सारख्या लांबी-जाडीच्या दोन स्पोकांपैकी एकाचा सा धरला आणि दुसरा शुद्ध रिषभावर वाजला, तर दुसऱ्याचा ताण सव्वापटीहून किंचित जास्त आहे. पहिला ८० किलोवर असेल तर दुसरा १०० किलोवर. एवढा फरक गाण्याचं अंग नसलेल्यालाही ऐकू येतो. स्पोक छेडायचा तो एकमेकांना ओलांडण्याच्या जागेपासून रिमपर्यंतच्या मोकळ्या भागात, नखाने किंवा चावीच्या टोकाने. तुलना एकाच बाजूच्या स्पोकांशी करायची, उजव्याची डाव्याशी नाही. एका बाजूचे सगळे स्पोक एका स्वरात आणायचा हट्ट नको. रिम कारखान्यातूनच पूर्ण गोल आलेली नसते. पण एखादा स्पोक 'टण्ण' न वाजता 'थप्प' वाजला तर दुखणं तिथे आहे.

आणि आता या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं: चावी हातात घेण्याआधी निदान. समजा चाक फिरवल्यावर रिम एका जागी डावीकडे येते आहे. तिथले डावे आणि उजवे स्पोक छेडून बघा. डावे घट्ट आणि उजवे सैल असतील, तर रिम डावीकडे आली आहे ती ओढली गेल्यामुळे. हा ताणाचा दोष. चावीने जातो, आणि जाता जाता ताणही सारखा होतो. पण रिम डावीकडे आणि तिथले डावेच स्पोक सैल, उजवे ताठ, असं आढळलं तर? उजवे स्पोक रिमला आधीच आपल्याकडे ओढत आहेत आणि तरीही ती डावीकडे आहे. म्हणजे रिमचा धातूच तिथे वाकला आहे. तिला चावीने सरळ करायचं तर आधीच ताठ असलेले उजवे आणखी आवळावे लागतील आणि सैल डावे आणखी सैल. चाक दिसेल सरळ, पण त्यात दोन-तीन स्पोक असे राहतील की जे कामच करत नाहीत आणि दोन-तीन असे की जे सगळ्यांचं काम करतात. पहिले खडखडत राहतील, निपल आपोआप उलगडेल. दुसरे रिमचं भोक फाडायच्या बेतात. खड्ड्यात बसून रिम आत दबली असेल तर तिथेही हीच परीक्षा: दबलेल्या जागेचे दोन्ही बाजूंचे स्पोक सैल मिळतील, आणि ते आवळले की रिम आणखीच आत येईल.

वाकलेल्या रिमवर उपाय म्हणजे त्या भागातले स्पोक सैल सोडून रिम हाताने, गुडघ्याने किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून उलट वाकवणं आणि मग ताण पुन्हा भरणं. जाड लोखंडी रिम हे बऱ्यापैकी सहन करते. अल्युमिनियमची एखाद्या वेळी करते, पण तिच्या काठाला चीर गेली असेल किंवा ब्रेकच्या घासण्याने भिंत आतल्या बाजूला खोलगट झाली असेल, तर त्यावर एक मिनिटही घालवू नये. नवी रिम घ्यावी.

निदानातच आणखी एक गोष्ट येते. चाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. धुरीत खेळ असेल, म्हणजे कोन ढिले झाले असतील किंवा छर्रे झिजले असतील, तर दर फेऱ्याला रिम वेगळ्याच जागी हलताना दिसेल. असा आऊट स्पोकने निघत नाही. आधी हब नीट करा.

यानंतरचं काम सोपं आहे, वेळखाऊ आहे. सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करा. टायरमधली हवा काढा. टायर-ट्यूब उतरवता आली तर उत्तम. प्रत्येक निपलच्या दोन जागी तेलाचा थेंब हवा: स्पोक निपलमध्ये शिरतो तिथे, आणि निपल रिमच्या भोकात बसतं तिथे. दुसरी जागा लोक विसरतात, आणि निपल कुरकुरत फिरतं ते तिथल्याच घर्षणामुळे. समुद्रकाठच्या गावांत, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, खाऱ्या हवेने स्पोकचे आटे इतके धरलेले असतात की रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवल्याशिवाय चावी लावण्यात अर्थ नसतो. स्पोकला पीळ बसून तोच तुटेल. पितळी निपल असतील तर बरीच वाचतात. हलकी अल्युमिनियमची निपल अशा हवेत पांढरी पडतात आणि चावीखाली चुरा होतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती घेऊच नयेत.

चावी निपलच्या मापाचीच हवी. निपलच्या चौकोनी मानेची रुंदी साधारण ३.२ ते ३.५ मिमी असते, जाड स्पोकांची याहून जास्त. अनेक खाचांची गोल चावी सगळीकडे मिळते आणि सगळ्यांनाच थोडी ढिली बसते. तिच्या नादी न लागता एका मापाची, मानेला तीन बाजूंनी तरी धरणारी चावी घ्यावी. निपल फिरवायची दिशा भल्याभल्यांना चकवते. टायरच्या बाजूने निपलच्या डोक्याकडे बघितलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतं. हबच्या बाजूने बघितलं तर तीच दिशा उलट दिसते. उलट्या उभ्या केलेल्या सायकलवर चाकाच्या वरच्या टोकाचं निपल आपण वरून, म्हणजे टायरच्या बाजूने बघतो, आणि खालच्या टोकाचं हबच्या बाजूने. सगळं काम चाकाच्या एकाच टोकाला करायचं ठरवलं की ही भानगड उरत नाही.

खुणेसाठी चाकाच्या चिमट्याला रबरबँडने एक पेन्सिल आडवी बांधा, टोक रिमच्या काठापासून मिलिमीटरभर दूर. कात्रीसारखे ब्रेक असतील तर ब्रेकचं रबरच खूण म्हणून चालतं. मग क्रम. माझं मत असं की सुरुवात आऊटपासून करूच नये. आधी एक फेरी नुसती छेडत जावं आणि 'थप्प' वाजणारे स्पोक शेजाऱ्यांच्या जवळपास आणावेत. निम्मा आऊट तेवढ्यानेच जातो. मग वर-खाली बघायचं: रिम हबपासून जिथे लांब गेली आहे तिथले डावे-उजवे दोन्ही स्पोक सारखे आवळले की ती आत येते, आत आली असेल तर दोन्ही सारखे सैल केले की बाहेर जाते. डावा-उजवा आऊट सगळ्यात शेवटी. तिथे नियम जोडीचा: रिम डावीकडे असेल तर उजवा पाव फेरा आवळायचा आणि शेजारचा डावा पाव फेरा सैल करायचा. म्हणजे रिम आडवी सरकते, पण वर-खाली बिघडत नाही आणि एकूण ताणही तेवढाच राहतो. नुसतं आवळत गेलं तर चाकाचा ताण दर दुरुस्तीला वाढत जातो. नुसतं सैल करत गेलं तर चाक ढिलं पडतं.

कोणता दोष किती सोसावा, हे ब्रेकवर ठरतं. कात्रीच्या ब्रेकला रिमच्या बाजूच्या भिंती लागतात, त्यामुळे आडवा आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावा. डिस्क ब्रेकच्या चाकाला मिलिमीटरभर आऊट असला तरी काही बिघडत नाही. आपली जुनी काळी सायकल, २८ इंची चाकांची, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकांची, हिचा हिशोब वेगळाच. तिचे सळईचे ब्रेक रिमला आतून, हबच्या बाजूच्या पृष्ठावर लागतात. तिला डावी-उजवी थोडी डुलकी चालते, पण वर-खाली उडी असेल तर ब्रेक दर फेऱ्याला एकदा पकडतो आणि सोडतो. अशा सायकलचा आऊट नुसता बाजूने बघून काढणाऱ्याने निम्मं काम सोडलेलं असतं. मात्र लोखंडी रिमच्या सांध्यापाशी, बहुधा व्हॉल्व्हच्या भोकासमोर, जो छोटा उंचवटा असतो तो जोडाचा असतो. त्याच्यामागे चावी घेऊन लागू नये.

मागच्या चाकात फ्रीव्हीलला जागा द्यायची असल्यामुळे हबची उजवी चकती रिमच्या मध्यरेषेजवळ येते आणि उजवे स्पोक डाव्यांपेक्षा उभे असतात. रिम मध्ये राहायची तर दोन्ही बाजूंची आडवी ओढ सारखी हवी, आणि उभ्या स्पोकची आडवी ओढ कमी पडते. ती भरून काढायला त्याला जास्त ताण द्यावा लागतो. उजवी चकती मध्यापासून २० मिमी आणि डावी ३५ मिमी असेल तर डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या ५७ टक्केच राहणार. डाव्यांचा सा धरला तर उजवे जवळजवळ मध्यमावर बोलतील. हा दोष नाही, भूमिती आहे. डावे ढिले वाटतात म्हणून आवळत सुटलं की रिम डावीकडे जाते. गिअरच्या सायकलवर हा फरक मोठा, एका फ्रीव्हीलच्या साध्या सायकलवर थोडा. रिम मध्यावर आहे का, हे बघायला चाक काढून उलटं, डावं-उजवं बदलून बसवा. रिम आधीच्या जागेपासून ४ मिमी सरकली तर ती मध्यापासून २ मिमी बाजूला आहे.

बारीक स्पोक निपलबरोबर पीळ घेतात. चावी पाव फेरा फिरते, त्यातला काही भाग नुसता तारेत साठतो आणि पहिल्या दोनशे मीटरांत 'टिंग टिंग' करत सुटतो. आऊट परत आलेला असतो. म्हणून आवळताना हवं त्याहून थोडं पुढे जाऊन तेवढंच मागे यायचं. शेवटी हातमोजे घालून एकाच बाजूच्या शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन-दोन स्पोकांना मुठीत धरून जोरात आवळायचं, सगळ्या चाकभर. याचा फायदा नुसता पीळ सुटण्यापुरता नाही. स्पोक जिथे चकतीत वळतो त्या कोपऱ्यात घडणीच्या वेळचा ताण अडकलेला असतो. क्षणभर जास्त ओढल्याने धातू तिथे किंचित सरकतो आणि तो ताण निघून जातो.

त्या कोपऱ्याची काळजी का करायची, तर स्पोक तुटतात ते बहुतेक तिथेच, आणि तुटतात ते एका झटक्याने नाही, थकून. सातशे-सी मापाचं चाक किलोमीटरला साधारण ४७५ फेरे घेतं. रोज १० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे प्रत्येक स्पोक वर्षाकाठी १४ लाख वेळा सैलावतो आणि ताणतो. दर वेळी ताण शून्यापर्यंत उतरत असेल तर कोपरा हलतो आणि चीर लवकर पडते. सैल चाकाचेच स्पोक जास्त तुटतात ते म्हणूनच. 'फार आवळलं म्हणून तुटला' हे दुकानातलं ठरलेलं निदान बहुतेक वेळा उलटं असतं. अर्थात आवळण्यालाही हद्द आहे. सगळे स्पोक घट्ट करत गेल्यावर एका क्षणी चाक अचानक दोन मोठ्या लाटांत वाकू लागलं, तर रिमची सहनशक्ती संपली आहे. तत्काळ सगळे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत.

टायर चढवण्याआधी रिमच्या आतून बोट फिरवा. निपलच्या डोक्याबाहेर आलेलं स्पोकचं टोक कानशीने घासलं नाही तर एक भिंत असलेल्या रिमवर ते पट्टीतून ट्यूबला भोक पाडणारच. मग हवा भरून पुन्हा एकदा चाक फिरवा. हवेच्या दाबाने रिम आवळली जाते आणि स्पोकचा ताण थोडा उतरतो, त्यामुळे काठावर असलेला एखादा स्पोक आता सैल निघू शकतो. पहिल्या आठवड्यानंतर आणखी एकदा सगळे छेडून बघावेत. याउपरही एकाच चाकाचे स्पोक थोड्या-थोड्या दिवसांनी, वेगवेगळ्या जागी तुटू लागले, तर एकेक बदलत बसण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. बाकीचेही तितकेच थकलेले असतात, म्हणून हब आणि रिम ठेवून स्पोकांचा संपूर्ण संच नवा भरून घ्यावा.